विश्लेषण : चाळिशीच्या चष्म्याला मल्टिफोकल कॉन्टॅक्ट लेन्स हा पर्याय ठरतो का?

औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचताना हात लांब करावा लागतो. मोबाइलवरची अक्षरे मोठी करून घ्यावी लागतात. तरीही नाकावर चाळिशी चढवायची मनाची तयारी होत नाही. अशा ग्राहकांना हल्ली चष्म्याच्या दुकानात ‘मल्टिफोकल लेन्स घ्या, दूरचे आणि जवळचे दोन्ही दिसेल’ असे सांगितले जाते. हे खोटे नाही, पण पुरतेही नाही. या लेन्स काम कशा करतात, कोणाला जमतात आणि निवडताना काय विचारावे, याविषयी...

चाळिशी लागते म्हणजे काय होते?

मराठीत ‘चाळिशी’ हे वयाचेही नाव आहे आणि चष्म्याचेही. वैद्यकीय भाषेत या स्थितीला प्रेस्बायोपिया म्हणतात. डोळ्याच्या बाहुलीमागचे नैसर्गिक भिंग तरुणपणी लवचीक असते. जवळचे पाहताना भोवतालचा स्नायू आकुंचन पावतो, भिंगाला धरून ठेवणारे तंतू सैल होतात आणि भिंग फुगीर होते. जर्मन शास्त्रज्ञ हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५५ मध्ये केलेली ही मांडणी मूळ स्वरूपात आजही मान्य आहे. वय वाढते तसे भिंग कडक होत जाते. स्नायू आपले काम करतो, पण भिंग त्याला दाद देत नाही.

हे आकड्यांत पाहिले तर अधिक स्पष्ट होते. जवळच्या वस्तूवर नजर जुळवून घेण्याची डोळ्याची ताकद डायॉप्टरमध्ये मोजतात. दहा वर्षांच्या मुलात ती साधारण १४ डायॉप्टर असते, चाळिशीत पाच-सहा उरते आणि साठीपर्यंत जेमतेम एक. ४० सेंटिमीटरवर धरलेले पुस्तक वाचायला अडीच डायॉप्टर लागतात. पण असलेली सगळी ताकद सतत वापरता येत नाही. तासभर आरामात वाचायचे तर तिच्यापैकी साधारण निम्मी शिलकीत राहावी लागते. म्हणून पंचेचाळिशीत चार डायॉप्टर शिल्लक असूनही डोळे दमतात, कपाळ दुखते आणि संध्याकाळच्या उजेडात अक्षरे पुसट होतात.

हा आजार नाही, त्यामुळे तो ‘बरा’ होत नाही. गाजर खाऊन किंवा डोळ्यांचे व्यायाम करून कडक झालेले भिंग पुन्हा मऊ होत नाही. २०१५ मध्ये जगात सुमारे १८० कोटी लोकांना प्रेस्बायोपिया असल्याचा अंदाज होता. त्यांतल्या ८२ कोटींहून अधिक लोकांना पुरेसा चष्मा मिळालेला नव्हता. साध्या चष्म्याने काय फरक पडतो हे आसामच्या चहाच्या मळ्यांत दिसले. चाळिशी ओलांडलेल्या ७५१ मजुरांवर झालेला हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळचा चष्मा मिळालेल्या मजुरांची पानखुडणी चष्मा न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त भरली. तेव्हा लेन्सचा विचार करताना एवढे लक्षात ठेवावे की, चष्मा हा काही कमी दर्जाचा उपाय नव्हे.

आधीपासून लेन्स लावणाऱ्यांना त्रास लवकर का जाणवतो?

कॉलेजच्या वयापासून मायनस नंबरची लेन्स लावणारे अनेक जण चाळिशीत गोंधळतात. त्याच नंबरचा चष्मा लावणारा सहकारी चष्मा कपाळावर सरकवून बारीक अक्षरे आरामात वाचतो, आपल्याला मात्र जमत नाही, असे त्यांना दिसते. त्यामागचे कारण सरळ आहे. मायनस नंबरचा डोळा उघडा ठेवला की जवळचे त्याला आपोआप दिसते. चष्मा क्षणात काढता येतो, लेन्स नाही. शिवाय मायनसचा चष्मा डोळ्यापासून थोडा दूर असल्याने जवळचे पाहताना डोळ्याला किंचित कमी ताकद लावावी लागते. लेन्स थेट बुबुळावर बसते, त्यामुळे ही सवलतही जाते. प्लस नंबरवाल्यांचे उलट असते. चष्म्यावरून लेन्सवर आल्यास त्यांना जवळचे थोडे सोपे जाते.

म्हणजे मायनस नंबरच्या माणसाला चाळिशीत लेन्स चालू ठेवायची असेल, तर जवळच्या नजरेची काही तरी सोय करावीच लागते. तिचे तीन मार्ग आहेत.

मल्टिफोकलच घ्यावी लागते का?

नाही. सर्वांत स्वस्त आणि दुर्दैवाने दुकानात सर्वांत कमी सुचवला जाणारा मार्ग म्हणजे दूरच्या नंबरची नेहमीची लेन्स चालू ठेवायची आणि वाचताना वरून साधा जवळचा चष्मा लावायचा. यात दूरचेही स्वच्छ दिसते आणि जवळचेही. अडचण एकच, चष्मा पुन्हा खिशात आला. दिवसाकाठी तासभरच वाचणाऱ्याला ही अडचण फार मोठी नाही.

दुसरा मार्ग मोनोव्हिजनचा. एका डोळ्याला दूरचा नंबर आणि दुसऱ्याला जवळचा. मेंदू गरजेप्रमाणे एकाकडे लक्ष देतो आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष करतो. सहसा प्रबळ डोळ्याला दूरचा नंबर देतात. प्रबळ डोळा घरीही ओळखता येतो. हात लांब करून दोन्ही पंजांत छोटी फट ठेवावी आणि तीतून समोरच्या भिंतीवरचे घड्याळ पाहावे. मग आळीपाळीने एकेक डोळा मिटावा. जो डोळा उघडा असताना घड्याळ फटीतच राहते तो प्रबळ. मोनोव्हिजन अनेकांना चटकन जमते आणि साध्या लेन्समध्येच होत असल्याने खर्चही वाढत नाही. पण दोन डोळ्यांनी मिळून खोलीचा जो अंदाज येतो तो कमी होतो. जिन्याची शेवटची पायरी, सुईत दोरा ओवणे, ओव्हरटेक करताना समोरून येणाऱ्या गाडीचे अंतर अशा ठिकाणी हे जाणवते. जवळचा नंबर जसजसा वाढतो तसतसा दोन डोळ्यांतला फरकही वाढतो आणि पन्नाशीनंतर ही युक्ती अनेकांना जड जाऊ लागते.

तिसरा मार्ग मल्टिफोकलचा.

एकाच लेन्समध्ये दूरचे आणि जवळचे कसे बसते?

चष्म्यात दोन नंबर बसवण्याची कल्पना जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८५ मध्ये लिहिलेल्या पत्रात आपल्या दुहेरी चष्म्याचे वर्णन केले आहे. वर दूरची काच, खाली जवळची. मधली रेघ नसलेला, नंबर क्रमाक्रमाने बदलणारा प्रोग्रेसिव्ह चष्मा फ्रान्समध्ये बर्नार मेतनाझ यांनी तयार केला आणि तो १९५९ मध्ये बाजारात आला. या दोन्हींत नजर खाली गेली की डोळा काचेच्या दुसऱ्या भागातून पाहू लागतो.

मऊ कॉन्टॅक्ट लेन्समध्ये असे होत नाही. ती डोळ्याला चिकटून त्याच्याबरोबरच फिरते. नजर खाली गेली की लेन्सही खाली जाते. त्यामुळे तिथे ‘वरचा’ आणि ‘खालचा’ भाग करून उपयोग नसतो. कडक लेन्सचे काही प्रकार खालच्या पापणीवर टेकून वर सरकतात, त्यांत हे साधता येते. पण मऊ मल्टिफोकल लेन्सचे तत्त्व वेगळे आहे. तिच्यावर एकात एक वर्तुळे असतात, किंवा मध्यापासून कडेकडे नंबर हळूहळू बदलत जातो. दूरच्या आणि जवळच्या अशा दोन्ही नंबरांतून प्रकाश एकाच वेळी डोळ्यात शिरतो. दृष्टिपटलावर एक स्पष्ट आणि एक पुसट अशा दोन प्रतिमा एकावर एक पडतात. कोणती घ्यायची हे मेंदू ठरवतो.

खिडकीला डासांची जाळी असली तरी बाहेरचा रस्ता दिसतो. लक्ष रस्त्याकडे असेपर्यंत जाळी जाणवत नाही, पण ती असते आणि थोडा उजेड अडवतेच. मल्टिफोकल लेन्सचे काम काहीसे असेच चालते. ती तरुणपणीचा डोळा परत देत नाही. डोळ्यात येणारा प्रकाश ती दूरच्या आणि जवळच्या कामांत वाटून देते. कोणत्या कामाला किती वाटा द्यायचा, हा लेन्स निवडतानाचा खरा प्रश्न असतो.

उजेड बदलला की नजर का बदलते?

या वाटपात डोळ्याच्या बाहुलीचा मोठा हात असतो. भर उन्हात बाहुली बारीक होते, अंधारात मोठी. जवळचे पाहतानाही ती आपोआप आकसते. अनेक मऊ मल्टिफोकल लेन्समध्ये जवळचा नंबर मधोमध ठेवतात तो याचसाठी. वाचताना बाहुली लहान झाली की मधल्या भागाचा वाटा वाढतो. काही लेन्समध्ये मात्र मध्ये दूरचा नंबर आणि कडेला जवळचा असतो. काही कंपन्या प्रबळ डोळ्याला एक आणि दुसऱ्याला दुसरा प्रकार सुचवतात.

मध्ये जवळचा नंबर असलेली लेन्स लावून मे महिन्याच्या दुपारी रस्त्यावर आल्यास बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी होते आणि दूरची पाटी किंचित धूसर वाटू शकते. गॉगल लावला की बाहुली थोडी मोठी होते आणि पाटी सुधारते. रात्री उलटे घडते. बाहुली मोठी होऊन सगळ्या वर्तुळांतून प्रकाश येतो, त्यामुळे समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती वलय दिसते. वयाबरोबर बाहुली एकूणच लहान होत जाते. म्हणून पंचेचाळिशीत उत्तम चाललेला प्रकार साठीत तसाच चालेल असे नाही. त्या वेळी दोष लेन्सचा नसतो, डोळ्याचा हिशेब बदललेला असतो.

मग काय गमवावे लागते?

मुख्यतः ठळकपणा. तक्त्यावरची काळी अक्षरे पांढऱ्या पार्श्वभूमीवर असतात. ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येतात आणि तपासणीच्या खोलीत ग्राहक खूश होतो. घोळ होतो तो फिक्यावर फिके वाचताना. मंद उजेडातल्या हॉटेलचे मेनूकार्ड, करड्या कागदावरची करडी पावती, पावसाळी संध्याकाळी डांबरी रस्त्यावरचा पांढरे पट्टे नसलेला गतिरोधक. हे सगळे तक्त्यावर नसते.

त्यामुळे ‘चष्म्याइतके स्वच्छ दिसेल का’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर बहुधा ‘नाही’ असेच येते. ‘दिवसातली बहुतेक कामे चष्म्याविना होतील का’ याचे उत्तर मात्र अनेकांसाठी ‘हो’ असते. विक्रेता पहिल्या प्रश्नालाही ‘हो’ म्हणत असेल, तर दुसरे दुकान पाहावे.

कोणत्या कामाला कोणती लेन्स?

इथे वयापेक्षा धंदा महत्त्वाचा ठरतो. वर्गात फळ्याकडे, मुलांकडे आणि हजेरीकडे आलटून पालटून पाहणारी शिक्षिका, ग्राहकाशी बोलता बोलता संगणकावर नोंद करणारा बँकेतला कर्मचारी, बॅडमिंटन खेळणारे, रंगमंचावर वावरणारे कलाकार यांची नजर सतत अंतर बदलत असते आणि फार बारीक कामाची मागणी करत नाही. मल्टिफोकल लेन्सचे हे उत्तम गिऱ्हाईक.

डोक्यावरचे पाहून काम करणाऱ्यांना तर ती चष्म्यापेक्षा सरस ठरू शकते. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचा नंबर खाली असतो. पंख्याची जोडणी करणारा इलेक्ट्रिशियन, गाडीखाली खड्ड्यात उभा असलेला मेकॅनिक किंवा वरच्या फळीवरची पुस्तके पाहणारा ग्रंथपाल यांना मान मागे टाकून हनुवटी वर करावी लागते. लेन्स डोळ्याबरोबर फिरत असल्याने वर पाहिले तरी जवळचे दिसते.

याउलट सराफ, घड्याळ दुरुस्त करणारे, पैठणीचे विणकर, मुद्रितशोधक यांना तासन्‌तास एकाच जवळच्या अंतरावर अत्यंत स्पष्ट दिसावे लागते. त्यांनी कामाच्या वेळी चष्म्यालाच प्राधान्य द्यावे. रात्रभर ट्रक, एसटी किंवा खासगी बस चालवणाऱ्यांचेही तसेच. समोरच्या दिव्यांची वलये तिथे नुसती गैरसोय राहत नाहीत, त्यांत जीव अडकलेले असतात.

काहींच्या बाबतीत डोळाच नकार देतो. पन्नाशीच्या आसपास, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये, डोळे कोरडे पडण्याचे प्रमाण वाढते. सर्दीच्या आणि अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्यांनी कोरडेपणा आणखी वाढतो. स्क्रीनकडे पाहताना पापण्या कमी लवतात आणि वातानुकूलित कार्यालयात लेन्स लवकर सुकते. अश्रूंचा थर सारखा नसेल तर कितीही भारी मल्टिफोकल लेन्स धूसरच दाखवते. म्हणून आधी कोरडेपणावर उपचार आणि मग लेन्स असा क्रम हवा. मोतीबिंदूची सुरुवात असेल, काचबिंदू असेल किंवा मधुमेहाने दृष्टिपटलावर परिणाम केला असेल, तर ठळकपणा आधीच घटलेला असतो. त्यात आणखी वाटणी करणे परवडत नाही.

चाळिशीनंतरच्या या आजारांमुळेच पहिली पायरी दुकानाची नसावी. काचबिंदू बहुधा न दुखता, न कळता वाढतो. ‘जवळचे दिसत नाही’ म्हणून आलेल्या माणसाचा डोळ्यातला दाब मोजणे आणि पडदा तपासणे ही संधी असते. थेट लेन्सच्या खोक्याकडे वळल्यास ती हुकते.

तपासणी कशी झाली पाहिजे?

जुन्या चष्म्याचा नंबर पाहून मल्टिफोकल लेन्स काढून देणे म्हणजे मापाशिवाय ब्लाउज शिवण्यासारखे आहे. आधी दूरचा नंबर ताजा काढावा लागतो. तो चार डायॉप्टरहून जास्त असेल तर लेन्ससाठी त्याचे रूपांतर करावे लागते, कारण चष्मा आणि बुबुळ यांतले अंतर नाहीसे झालेले असते. सिलिंडर नंबर पाऊण डायॉप्टरपेक्षा जास्त असल्यास साध्या मल्टिफोकल लेन्सने समाधान होणे अवघड असते. सिलिंडरसह मल्टिफोकल लेन्स मिळतात, पण त्यांची निवड मर्यादित आहे आणि त्या डोळ्यावर फिरल्या तर नजर बिघडते.

जवळच्या वाढीव नंबराला ‘अ‍ॅड’ म्हणतात. खोक्यावर तो बहुधा कमी, मध्यम आणि जास्त अशा तीन पायऱ्यांत असतो. इथे हाव नडते. जवळचे अधिक स्पष्ट दिसावे म्हणून गरजेपेक्षा जास्त अ‍ॅड घेतला की दूरचे आणि संगणकाच्या अंतराचे बिघडते. जितक्या कमी अ‍ॅडमध्ये भागेल तितके बरे. म्हणूनच चाळिशी नुकती लागलेल्या माणसाने सुरुवात केली तर त्याला जुळवून घेणे सोपे जाते. पंचावन्नाव्या वर्षी थेट जास्त अ‍ॅडच्या लेन्सने सुरुवात करणाऱ्याला जास्त चिकाटी लागते.

लेन्स डोळ्यावर बसल्यावर किमान १५-२० मिनिटे जाऊ द्यावीत. मग नजर तपासताना दोन्ही डोळे उघडे हवेत. डोळ्यांसमोर जड यंत्र ठेवून अंधाऱ्या खोलीत तपासल्यास बाहुली मोठी होते आणि निकाल फसवा येतो. नेहमीच्या उजेडात, हातात धरायच्या छोट्या भिंगांनी केलेली तपासणी अधिक भरवशाची. तक्त्यावर भागवू नये. ग्राहकाने स्वतःचा मोबाइल, औषधाची पट्टी, वहीखाते, जे रोज वाचावे लागते ते सोबत न्यावे. दुकानाबाहेर येऊन रस्त्यापलीकडची पाटी वाचावी.

आणि मुख्य म्हणजे चाचणीची जोडी मागावी. मेंदूला दोन प्रतिमांतून निवड करायची सवय होण्यास साधारण आठवडा-दोन आठवडे लागतात. पहिल्या दिवशीच्या नाराजीवरून नकार देऊ नये आणि पहिल्या तासाच्या आनंदात वर्षभराची खोकीही उचलू नयेत. या दिवसांत ऑफिस, स्वयंपाकघर, संध्याकाळचा बाजार आणि रात्रीचा रस्ता हे सगळे एकदा अनुभवावे. फक्त पहिले काही दिवस रात्री गाडी दुसऱ्याला चालवू द्यावी. नंतर जाऊन ‘काय दिसत नाही’ हे नेमके सांगितले की एका डोळ्याचा नंबर पाव डायॉप्टरने हलवूनही बरेच साधते. एक-दोन फेऱ्या होणे यात काही वावगे नाही. एका प्रकाराशी जमले नाही तर दुसऱ्या रचनेची लेन्स जमू शकते.

रोज टाकायची लेन्स की महिनाभराची?

याचे उत्तर लेन्स आठवड्यातून किती दिवस लावणार यावर आहे. महिन्याची लेन्स पाकीट फोडल्यापासून महिन्याने टाकावी लागते, मग ती तीस दिवस लावलेली असो वा आठ. वर्षाला प्रत्येक डोळ्याला बारा लेन्स, शिवाय सोल्युशन आणि डबीचा खर्च. रोज टाकायच्या लेन्समध्ये लावल्या तेवढ्याच खर्ची पडतात. आठवड्यातून तीन दिवस लावणाऱ्याला वर्षाला १५६ जोड्या लागतील, म्हणजे तीस लेन्सच्या खोक्यांचा हिशेब केला तर प्रत्येक डोळ्याला सहा खोकी. रोज लावणाऱ्याला बारा-तेरा. दुकानातल्या भावाने हे आकडे गुणून पाहिले की नेमके उत्तर मिळते. लग्नसमारंभापुरती किंवा खेळण्यापुरती लेन्स लावणाऱ्याने महिन्याची घेऊन ती डबीत पडू देण्यात शहाणपण नाही.

धोका किती?

ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, दिवसाच मऊ लेन्स लावणाऱ्या १० हजार जणांत वर्षाला सुमारे दोघांना बुबुळाचा जंतुसंसर्ग झाला. लेन्स लावून झोपणाऱ्यांत हेच प्रमाण १० हजारांत २० ते २५ होते. म्हणजे साधारण दहापट. रोज टाकायच्या लेन्सनेही हा धोका शून्यावर येत नाही, मात्र दृष्टी गमावण्याइतका गंभीर संसर्ग त्यात कमी आढळला.

पाण्याचे पथ्य सर्वांत जास्त मोडले जाते. नळाच्या पाण्यात अकॅन्थअमिबा हा सूक्ष्मजीव असू शकतो. तो बुबुळात शिरला तर उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि डाग कायमचा राहू शकतो. म्हणून लेन्स किंवा डबी पाण्याने धुवायची नाही, मग ते पाणी फिल्टरचे असो वा उकळलेले. लेन्स लावून आंघोळ नको, पोहणे नको. पावसात दुचाकीवर निघताना हेल्मेटची काच खाली हवी. काल डबीत उरलेल्या सोल्युशनमध्ये नवे भर घालून चालवणे हा काटकसरीचा प्रकार डोळ्याला महाग पडतो.

घरगुती पथ्येही आहेत. हिरव्या मिरच्या चिरल्यावर हात कितीही धुतले तरी लगेच लेन्स काढायला जाऊ नये. लेन्स सकाळी स्वयंपाकाआधी लावलेली असावी किंवा नंतर चष्मा असावा. काजळ लेन्स लावल्यानंतर घालावे, पापणीच्या आतल्या कडेला नाही, आणि रात्री आधी लेन्स काढून मग मेकअप पुसावा. रंगपंचमीला लेन्स घरीच ठेवावी. चाळिशीनंतर एक वेगळीच अडचण येते. लेन्स काढल्यावर जवळचे दिसत नसल्याने ती उलटी आहे की सुलटी, फाटली आहे का, हे समजत नाही. त्यासाठी मोठे दाखवणारा आरसा आणि जवळचा चष्मा बेसिनपाशी ठेवलेला बरा.

डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागले तर लेन्स लगेच काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. काढलेली लेन्स आणि डबी फेकू नये. तपासणीत जंतू शोधायला त्यांचा उपयोग होतो. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडचे थेंब आणून घालणे ही यातली सर्वांत घातक चूक.

ऑनलाइन मागवावी का?

लेन्स एकदा पक्की झाल्यावर तीच पुन्हा मागवण्यात गैर काही नाही. गडबड होते ती ‘त्याच नंबरची, पण स्वस्तातली’ मागवण्यात. साध्या लेन्समध्ये नंबर सारखा असला तर फरक थोडका पडतो. मल्टिफोकलमध्ये मध्यभागी कोणता नंबर आहे, तो कडेकडे कसा बदलतो, लेन्सची गोलाई किती, हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. दोन खोक्यांवर ‘मध्यम अ‍ॅड’ लिहिलेले असले तरी दोन्ही लेन्स सारख्या नसतात. म्हणून चिठ्ठीवर नंबरसोबत लेन्सचे पूर्ण नाव, गोलाई आणि व्यास लिहून घ्यावा. तो ग्राहकाचा हक्क आहे.

थेंब आणि शस्त्रक्रियेचे काय?

बाहुली आकसवून जवळचे स्पष्ट दाखवणाऱ्या पिलोकार्पिनच्या थेंबांना अमेरिकेत ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रेस्बायोपियासाठी मंजुरी मिळाली. परिणाम काही तासांपुरताच टिकतो. डोके दुखणे आणि मंद उजेडात अंधुक दिसणे हे त्याचे ज्ञात त्रास आहेत. भारतात २०२४ च्या ऑगस्टमध्ये अशा थेंबांना परवानगी मिळाल्यावर ‘चष्मा सुटणार’ अशा बातम्या झळकल्या. मंजुरीच्या पलीकडचे दावे केल्याचे कारण देत सप्टेंबरमध्ये केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने ती परवानगी स्थगित केली.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात बसवायच्या मल्टिफोकल लेन्सही बहुतांशी प्रकाशाच्या वाटणीवरच चालतात आणि रात्रीची वलये त्यांतही दिसू शकतात. फरक असा की कॉन्टॅक्ट लेन्स संध्याकाळी काढून ठेवता येते, आत बसवलेली लेन्स बदलायची तर पुन्हा शस्त्रक्रिया लागते. ज्यांनी मल्टिफोकल कॉन्टॅक्ट लेन्स कधी वापरून पाहिली आहे, त्यांनी तो अनुभव, चांगला असो वा वाईट, शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना सांगावा. डोळ्याची मापे घेण्यापूर्वी कॉन्टॅक्ट लेन्स काही दिवस बंद ठेवावी लागते, कारण तिच्या दाबाने बुबुळाचा आकार किंचित बदललेला असतो. मऊ लेन्ससाठी हा अवधी साधारण आठवडा-दोन आठवड्यांचा असतो, कडक लेन्ससाठी त्याहून जास्त. तेवढ्या दिवसांसाठी ताज्या नंबरचा चष्मा घरात लागतोच.